रॅम दुप्पट केली तरी मेमरी अपुरीच: जुन्या डॉस प्रोग्रॅमचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

एका लहान प्रयोगशाळेत द्रावणातलं प्रकाशशोषण मोजणारा जुना स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे. उपकरण म्हातारं झालं असलं तरी मोजणीला अजून चोख आहे. ते चालवणारा प्रोग्रॅम डॉसचा, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायच्या जुन्या कार्यप्रणालीचा. उपकरणाशी त्याचं बोलणं होतं ते संगणकाच्या आयएसए स्लॉटमध्ये (जादा कार्डं बसवायच्या जुन्या पद्धतीच्या खाचेत) बसवलेल्या एका खास कार्डातून. या कार्डासाठी पुढे नवा प्रोग्रॅम निघाला नाही आणि आताच्या घरगुती-कार्यालयीन संगणकांवर आयएसए स्लॉट नसतात. म्हणून ४८६ डीएक्स२ प्रोसेसर, ८ एमबी रॅम, पडद्यासाठी व्हीजीए कार्ड आणि एमएस-डॉस ६.२२ असा संगणक तिथे आजही रोज सुरू होतो.

मोजणीच्या फायली पूर्वी फ्लॉपीवर घालून दुसऱ्या संगणकावर न्यायच्या असत. फ्लॉपी दगा देऊ लागल्या, तेव्हा या संगणकात नेटवर्क कार्ड बसवलं आणि दुसऱ्या संगणकावरचा शेअर केलेला फोल्डर डॉसमध्ये ड्राइव्ह म्हणून दिसेल अशी व्यवस्था केली. नेटवर्क पहिल्या फटक्यात चाललं. मोजणीचा प्रोग्रॅम मात्र त्याच दिवशी बंद पडला.

अडचण

प्रोग्रॅम सुरू करताच पडद्यावर एकच ओळ यायची: 'प्रोग्रॅम टू बिग टू फिट इन मेमरी'. हा संदेश प्रोग्रॅमचा नसतो, खुद्द डॉसचा असतो. फाइल मेमरीत चढवायलाच जागा नाही, असा त्याचा अर्थ. प्रोग्रॅम उघडतो आणि काम करता करता 'आउट ऑफ मेमरी' म्हणतो, ही गोष्ट वेगळी. तिथे प्रोग्रॅम चढलेला असतो, त्याला आकडे ठेवायला जागा कमी पडते. या प्रयोगशाळेत दुसरा प्रकारही जुना होता. नेटवर्क बसण्याच्या आधीपासून लांब पल्ल्याची नोंद उघडली की प्रोग्रॅम मधेच तक्रार करायचा, आणि लोक नोंदीचे दोन तुकडे करून वेळ मारून न्यायचे. या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहिला उपाय झाला तो रॅम वाढवण्याचा. ७२ पिनांची आणखी ८ एमबीची पट्टी बसवली, संगणक १६ एमबी दाखवू लागला, आणि प्रोग्रॅमवर त्याचा ढिम्म परिणाम झाला नाही.

तसंच होणार होतं. १९८१ च्या मूळ पीसीतला ८०८८ प्रोसेसर एकूण १ एमबी एवढेच पत्ते ओळखू शकत होता. त्यातले खालचे ६४० केबी प्रोग्रॅमांना आणि वरचे ३८४ केबी पडद्याची मेमरी, कार्डं आणि बायोस (संगणक सुरू करणारा, आतच बसवलेला प्रोग्रॅम) यांना अशी वाटणी झाली. डॉसचे साधे प्रोग्रॅम ही वाटणी धरूनच लिहिले गेले. पुढे संगणकात १६ एमबी येवोत की ६४, असा प्रोग्रॅम चढतो तो खालच्या ६४० केबीतच, म्हणजे कन्व्हेन्शनल मेमरीत. त्याच जागेत डॉस बसतो, ड्रायव्हर (उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्रॅम) बसतात, माउस बसतो, नेटवर्क बसतं. उरेल ते प्रोग्रॅमचं.

मोजून काय दिसलं

कुठल्याही फाइलला हात लावण्याआधी मेमरीचा हिशेब दाखवणारी डॉसची आज्ञा 'मेम /सी /पी' चालवून आकडे उतरवून घेतले. या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी काम हेच ठरलं. कन्व्हेन्शनल मेमरीचा हिशेब असा होता:

एमएसडॉस: ७२ केबी
सेटव्हर (प्रोग्रॅमला त्याला हवी ती डॉसची आवृत्ती सांगणारा): १ केबी
हायमेम (१ एमबीच्या वरची मेमरी सांभाळणारा): १ केबी
कमांड (टाइप केलेल्या आज्ञा वाचणारा): ३ केबी
उपकरणाच्या कार्डाचा ड्रायव्हर: ९ केबी
स्मार्टड्राइव्ह (डिस्कचं काम वेगवान करणारा): २८ केबी
माउस: १७ केबी
डॉसकी (आधीच्या आज्ञा लक्षात ठेवणारा): ४ केबी
नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर: १० केबी
नेटवर्क प्रोटोकॉल: ३२ केबी
शेअर केलेला फोल्डर ड्राइव्ह म्हणून दाखवणारा रीडायरेक्टर: ६१ केबी

बेरीज २३८ केबी, म्हणजे मोकळे ४०२ केबी. उपकरणाच्या पुस्तिकेत मागच्या पानांवर गरज लिहिलेली होती: प्रोग्रॅम सुरू व्हायला ४९० केबी, सगळ्यात लांब नोंदीसाठी ५८० केबी. नेटवर्कचे १०३ केबी वजा केले तर पूर्वी ५०५ केबी मोकळे असणार. म्हणजे प्रोग्रॅम जेमतेम उघडत होता आणि लांब नोंदीला अडत होता. तक्रारींचा सगळा इतिहास या तीन आकड्यांत उलगडला.

यादीतली पहिली ओळही खटकणारी होती. 'डॉस=हाय' ही ओळ कॉन्फिग.सिसमध्ये (सुरू होताना डॉस वाचतो त्या सेटिंगच्या फाइलमध्ये) असताना एमएसडॉससमोर साधारण १६ ते १८ केबी दिसायला हवेत, कारण डॉसचा मोठा भाग १ एमबीच्या लगेच वर असलेल्या हाय मेमरी एरियात जातो. इथे ७२ दिसत होते. कॉन्फिग.सिस उघडल्यावर कारण सापडलं: 'बफर्स=९९', 'फाइल्स=९९', 'लास्टड्राइव्ह=झेड'. कुणीतरी कधीतरी 'जास्त ते चांगलं' म्हणून हे आकडे भरलेले.

एक बफर, म्हणजे डिस्कवरचा मजकूर तात्पुरता ठेवायची जागा, सुमारे ५३२ बाइट घेतो. हाय मेमरी एरिया आहे ६४ केबीला १६ बाइट कमी, आणि तिचा बराच भाग डॉसनेच व्यापलेला असतो. बफर उरलेल्या जागेत मावले तर तिथे राहतात. मावले नाहीत तर सगळे खाली येतात. ९९ बफरांचे ५१ केबी असेच कन्व्हेन्शनल मेमरीत येऊन बसले होते. फाइल्समधली प्रत्येक नोंद (एका उघड्या फाइलसाठी) ५९ बाइटची आणि लास्टड्राइव्हमधलं प्रत्येक अक्षर सुमारे ८८ बाइटचं. तिथला खर्च लहान असला तरी तोही याच खात्यातला.

समोर असलेले पर्याय

नेटवर्क काढून पुन्हा फ्लॉपीकडे जाणं कुणालाच नको होतं.

डॉसबॉक्ससारखा एम्युलेटर, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम, नव्या संगणकावर चालवण्याचा विचार झाला. साध्या जुन्या प्रोग्रॅमसाठी तो उत्तम मार्ग आहे. तिथे ६३० केबीच्या आसपास कन्व्हेन्शनल मेमरी आयती मिळते, एक्सएमएस आणि ईएमएस (६४० केबीच्या पलीकडची मेमरी वापरायच्या दोन पद्धती) सेटिंगमधून चालू-बंद करता येतं, आणि ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे प्रोग्रॅम थेट चालतच नसल्याने तसा पर्याय अनेकांना घ्यावाच लागतो. पण इथे प्रोग्रॅमला खरं आयएसए कार्ड हवं, आणि डॉसबॉक्स ते पुरवू शकत नाही. हा रस्ता तिथेच संपला.

उरले तीन. एक, अनावश्यक गोष्टी काढून जागा करणं. दोन, ड्रायव्हर ६४० च्या वर, अपर मेमरीत ढकलणं. तीन, एमएस-डॉस ६ मधला बूट मेनू वापरून मोजणीसाठी वेगळी आणि फायली पाठवण्यासाठी वेगळी मांडणी ठेवणं. तिसऱ्याला वापरणाऱ्यांचा विरोध होता. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर कोऱ्या द्रावणावर आधाररेषा घ्यावी लागते, ती प्रोग्रॅमच्या मेमरीतच असते आणि संगणक पुन्हा सुरू केला की ती जाते. प्रत्येक वेळी फाइल पाठवायला रीबूट म्हणजे प्रत्येक वेळी नवी आधाररेषा. त्यामुळे पहिला आणि दुसरा पर्याय याच क्रमाने घ्यायचं ठरलं.

पहिली पायरी: छाटणी

आधी 'फॉरमॅट ए: /एस' करून बूट फ्लॉपी बनवली, कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट (सुरू होताना आपोआप चालणाऱ्या आज्ञांची फाइल) तिच्यावर उतरवल्या आणि ती फ्लॉपी खरंच बूट होते का ते तपासलं. संगणक सुरू होताना एफ५ दाबलं की दोन्ही फायली वगळल्या जातात आणि एफ८ दाबलं की ओळीगणिक विचारणा होते, हे माहीत असलं तरी फ्लॉपी हवीच.

मग बफर्स ३०, फाइल्स ४०, लास्टड्राइव्ह एच. एमएसडॉसची ओळ ७२ वरून १६ वर आली. सेटव्हर कुठला प्रोग्रॅम मागतो का हे पाहून ते काढलं. डॉसकीही तात्पुरतं काढलं. एवढ्याने ४०२ चे ४६३ झाले.

'स्टॅक्स=०,०' लिहून आणखी दोन-तीन केबी वाचवा, असा सल्ला जुन्या मार्गदर्शकांत हमखास असतो. इथे तो मुद्दाम पाळला नाही. उपकरणाचं कार्ड मोजणी चालू असताना सतत इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधणारे इशारे, देतं. स्टॅक्स शून्य केल्यावर प्रत्येक इंटरप्टला चालू प्रोग्रॅमचाच स्टॅक (तात्पुरत्या नोंदींची जागा) वापरावा लागतो, आणि तो तोकडा असेल तर मोजणीच्या ऐन मध्यात संगणक थांबतो. दोन केबींसाठी हा धोका पत्करण्यासारखा नव्हता.

१७ केबीच्या माउस ड्रायव्हरच्या जागी क्यूटमाउस बसवला. तो ३ केबीत भागवतो आणि आलेखावर भाग निवडायला तेवढा पुरतो. राहता राहिलं स्मार्टड्राइव्ह. डिस्कवर लिहायचं ते थोडा वेळ मेमरीत धरून ठेवण्याची त्याची सवय वेगासाठी चांगली आहे, पण वीज गेली तर शेवटची नोंद जाते. '/एक्स' दिलं की हे धरून ठेवणं बंद होतं, फक्त वाचनाचा फायदा उरतो. या प्रोग्रॅमच्या फायली लहान आहेत, त्याला वाचनाचा फायदाही फारसा नव्हता. स्मार्टड्राइव्ह काढून पाहिलं.

मोकळी मेमरी ५०५ केबी. प्रोग्रॅम उघडला.

इथे थांबायचं का, हा पहिला खरा निर्णय होता. नेटवर्क चालू होतं, प्रोग्रॅम चालू होता, वापरणारे खूश होते. पण ५०५ म्हणजे नेटवर्कच्या आधीची स्थिती, आणि त्या स्थितीत लांब नोंद उघडत नव्हती. नोंदीचे तुकडे करून नंतर जोडताना सांध्यावर आधाररेषेत बारीकसा फरक पडतो, आणि तो फरक निकालात उतरतो. म्हणून ५८० गाठायचंच ठरलं. हा निर्णय योग्य होता. मात्र तो कोणत्या मार्गाने गाठायचा, याचा विचार तेव्हा घाईत झाला.

दुसरी पायरी: अपर मेमरी

६४० केबी ते १ एमबी या पट्ट्यात सगळीच जागा वापरात नसते. पत्ते षोडशमानात, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा अंकांत लिहायचे तर या संगणकात ए००० ते बीएफएफएफ पडद्याचे, सी००० ते सी७एफएफ व्हीजीएचा बायोस आणि एफ००० पासून वर संगणकाचा बायोस. मधला सी८०० ते ईएफएफएफ हा पट्टा वरवर पाहता मोकळा. ईएमएम३८६ हा ड्रायव्हर ३८६ किंवा त्यापुढच्या प्रोसेसरच्या पेजिंगच्या (पत्ते दुसऱ्या जागी वळवण्याच्या) सोयीने अशा मोकळ्या पत्त्यांवर वरची रॅम आणून बसवतो. मग 'डॉस=हाय,यूएमबी' लिहून 'डिव्हाइसहाय' आणि 'लोडहाय' यांच्या मदतीने ड्रायव्हर तिथे चढवता येतात.

ईएमएम३८६ ला 'नोईएमएस' द्यायचं की 'रॅम', हा प्रश्न आला. 'रॅम' दिलं तर प्रोग्रॅमांना ईएमएस मिळते, पण तिच्या खिडकीसाठी सलग ६४ केबीचा पत्ता राखावा लागतो. या प्रोग्रॅमला ईएमएस लागत नाही, तेव्हा 'नोईएमएस'. त्यासोबत 'आय=ई०००-ईएफएफएफ' असं स्पष्ट लिहून तो पट्टाही वापरायला दिला. बायोस तिथे काही ठेवत नाही हे एमएसडी या तपासणी प्रोग्रॅममध्ये आधी पाहिलं होतं.

संगणक सुरू झाला, 'मेम' चे आकडे झकास दिसले, प्रोग्रॅम उघडला. मोजणी सुरू केली तर आलेखावर तळाला चिकटलेली सपाट रेषा आली. दुसऱ्या प्रयत्नात काही सेकंदांत संगणक गोठला.

सपाट रेषेचं कारण

उपकरणाच्या कार्डावर ८ केबीची स्वतःची मेमरी आहे आणि ती डी०००० या पत्त्यावर दिसते. कार्ड ती मेमरी उघडतं ते प्रोग्रॅमने हुकूम दिल्यावर. संगणक सुरू होताना तिथे काहीच दिसत नाही. ईएमएम३८६ ने तपासलं, जागा रिकामी दिसली, तिथे रॅम बसवली. एमएसडीलाही त्याच कारणाने काही दिसलं नव्हतं. पुढे प्रोग्रॅम डी०००० वरून आकडे वाचायला गेला तेव्हा ते वाचन आयएसए स्लॉटपर्यंत पोचलंच नाही. प्रोसेसरच्या पेजिंगने ते परस्पर रॅमकडे वळवलं. तिथे शून्यं होती, तर सपाट रेषा. नेटवर्कचा एखादा भाग तिथे चढलेला असला आणि प्रोग्रॅमने कार्डाला हुकूम देण्यासाठी तिथे लिहिलं, तर नेटवर्कचाच भाग खराब होऊन संगणक गोठणार.

इथे नशीब बलवत्तर म्हणायचं, कारण रेषा अगदीच सपाट होती. हाच गोंधळ अर्धवट झाला असता, काही बिंदू खरे आणि काही जुने आले असते, तर आलेख पाहून कुणालाही शंका आली नसती. मेमरी मोकळी करण्याच्या नादात चुकीची मोजणी पदरी पडणं हे 'मेमरी अपुरी' या संदेशापेक्षा फार वाईट.

उपाय एका शब्दाचा आहे: 'एक्स=डी०००-डी१एफएफ'. कार्डाची पुस्तिका पत्ता पाच अंकी लिहिते, डी००००. ईएमएम३८६ ला चार अंकी हवा, शेवटचं शून्य सोडून. ८ केबी म्हणजे षोडशमान २००० बाइट, चार अंकी हिशेबात २००, म्हणून पट्टा डी००० पासून डी१एफएफ पर्यंत. इथे एखादा अंक चुकला तर अर्धं कार्ड उघडं राहतं. पत्ता पुस्तिकेवरून न घेता कार्डावरच्या जंपरवरून (पत्ता ठरवणाऱ्या छोट्या जोडणीवरून) पडताळला, कारण जंपर बदललेला असू शकतो. 'आय' आणि 'एक्स' एकमेकांवर आले तर 'एक्स' चं चालतं, हे सोयीचं आहे.

यानंतर उपकरणासोबतची प्रमाण काच (शोषण आधीच ठाऊक असलेली) लावून तीच मोजणी दोनदा घेतली: एकदा ईएमएम३८६ शिवाय, एकदा त्याच्यासह. दोन्ही आलेख जुळल्यावरच पुढे गेलं.

कुणाला कुठे बसवायचं

पट्टा वगळल्यावर अपर मेमरीचे दोन तुकडे उरले. पहिला सी८०० ते सीएफएफएफ, ३२ केबी. दुसरा डी२०० ते ईएफएफएफ, १२० केबी. चढवायचं होतं ते नेटवर्कचे १०, ३२ आणि ६१ केबी, आणि ३ केबीचा माउस. बेरीज १०६. जागा १५२. वाटतं की सहज मावेल.

तिन्ही नेटवर्क ओळींपुढे आणि माउसपुढे 'एलएच' ('लोडहाय' चं लघुरूप) लिहिलं आणि मोकळी मेमरी ५४७ वर अडकली. 'मेम /सी' मध्ये दिसलं की ६१ केबीचा रीडायरेक्टर खालीच बसला आहे. 'एलएच' चा हा स्वभाव लक्षात ठेवायला हवा: वर जागा नसेल तर तो काही बोलत नाही, मुकाट खाली चढवतो.

पण जागा का नव्हती? मेमरीत कायम राहणाऱ्या प्रोग्रॅमला चढताना जेवढी जागा लागते, ती त्याच्या अंतिम आकारापेक्षा बरीच जास्त असू शकते. सुरुवातीचं काम झालं की तो जादा भाग सोडून देतो. 'मेम' फक्त अंतिम आकार दाखवतं. चढतानाचा आकार कळण्यासाठी मेममेकर, म्हणजे मेमरीची मांडणी आपोआप ठरवणारा डॉसचाच प्रोग्रॅम, एकदा चालवला. तो डॉस डिरेक्टरीत मेममेकर.एसटीएस नावाची फाइल ठेवतो आणि तिच्यात प्रत्येक प्रोग्रॅमचा अंतिम आणि कमाल असे दोन्ही आकार असतात. आकडे टिपले आणि 'मेममेकर /अनडू' करून त्याने केलेले बदल मागे घेतले. मेममेकरचीच मांडणी कायम का ठेवली नाही? त्या मांडणीवर विसंबायचं तर डी००० चं 'एक्स' शाबूत आहे ना, हे दर वेळी पाहावं लागलं असतं, आणि या संगणकात तीच एक ओळ चुकवून चालणार नव्हती.

रीडायरेक्टरला चढताना ८४ केबी लागत होते. एरवी मोठ्याला आधी चढवतात, पण इथे क्रम ठरलेला: आधी कार्डाचा ड्रायव्हर, मग प्रोटोकॉल, मग रीडायरेक्टर. काही न सांगितल्यास 'एलएच' सगळ्यात मोठा मोकळा तुकडा निवडतो. त्यामुळे १० केबीचा ड्रायव्हर १२० च्या तुकड्यात गेला, मागोमाग ३२ चा प्रोटोकॉल, उरले ७८. ८४ मावणार कसे!

तोडगा असा निघाला. कार्डाच्या ड्रायव्हरला आणि माउसला 'एलएच /एल:१' देऊन पहिल्या, लहान तुकड्यात घातलं. प्रोटोकॉलला '/एल:२'. दुसऱ्या तुकड्यात उरले ८८, त्यात '/एल:२' ने रीडायरेक्टर चढला आणि स्थिरावल्यावर ६१ वर आला. पहिल्या तुकड्यात १९ केबी शिल्लक होते, तिथे डॉसकी परत आणलं. 'मेम /एफ' ने तुकड्यांतली शिल्लक दिसते, त्यावरून प्रत्येक पायरी ताडून पाहिली.

स्मार्टड्राइव्हला परत आणायचा प्रयत्न झाला. दुसऱ्या तुकड्यात २७ केबी उरले होते, त्याला २८ लागतात. बी००० ते बी७एफएफ हा एकरंगी पडद्याचा ३२ केबीचा पट्टा उघडून ते बसवता आलं असतं, पण काही व्हीजीए कार्डं त्या पट्ट्याला हात लावतात आणि मग पडदा बिघडतो. ज्याची निकड नव्हती त्यासाठी ते केलं नाही, हे बरं झालं.

उपकरणाच्या कार्डाचा ९ केबीचा ड्रायव्हरही मुद्दाम खालीच ठेवला. तो डीएमए वापरतो, म्हणजे प्रोसेसरला वगळून रॅमशी थेट देवाणघेवाण. अपर मेमरीतला पत्ता आणि रॅममधली खरी जागा वेगळी असते, आणि जुने ड्रायव्हर हा फरक गृहीत धरत नाहीत. डिस्क आणि मोजणीचे ड्रायव्हर खाली, माउस-नेटवर्क वर, ही वाटणी सुरक्षित.

शेवटी खाली उरलं ते असं: एमएसडॉस १६, हायमेम १, ईएमएम३८६ ३, कार्डाचा ड्रायव्हर ९, कमांड ३. एकूण ३२ केबी. मोकळे ६०८.

जागा झाली आणि नवा संदेश आला

मोजणीचा प्रोग्रॅम आता पूर्ण लांबीची नोंद उघडत होता. पण मोजणीच्या फाइलचं साध्या मजकुरात रूपांतर करणारा एक छोटा प्रोग्रॅम, जो इतकी वर्षं बिनतक्रार चालला होता, तो म्हणू लागला 'पॅक्ड फाइल इज करप्ट'. साहजिकच डिस्क खराब झाल्याची शंका आली आणि फाइल मूळ फ्लॉपीवरून पुन्हा उतरवली. संदेश तोच.

फाइलला काही झालेलं नव्हतं. एक्झेपॅक या साधनाने दाबून लहान केलेल्या जुन्या प्रोग्रॅमांत एक दोष आहे. ते मेमरीच्या पहिल्या ६४ केबीत चढले, तर उलगडताना त्यांचा पत्त्यांचा हिशेब शून्याच्या खाली जातो. पत्ता १ एमबीला वळसा घालून परत येईल अशी त्यांची समजूत असते. डॉस हाय मेमरीत असताना ए२० ही पत्त्याची तार चालू असते आणि तो वळसा घडत नाही. पूर्वी खालचे २३८ केबी भरलेले होते, म्हणून हा प्रोग्रॅम ६४ च्या खाली कधी चढलाच नव्हता. आता ३२ नंतर सगळं मोकळं.

डॉससोबत लोडफिक्स येतो तो यासाठीच. प्रोग्रॅमच्या नावाआधी 'लोडफिक्स' लिहिलं की तो ६४ केबीच्या वर चढतो. रूपांतराच्या बॅच फाइलमध्ये तेवढी एक ओळ बदलली. मोजणीच्या प्रोग्रॅमला त्याची गरज पडली नाही. पडली असती तरी ५७६ केबी उरले असते, आणि मग सगळ्यात लांब नोंद ४ केबींनी अडली असती.

निष्पत्ती

पूर्ण लांबीच्या नोंदी न तोडता होतात, फायली थेट शेअर केलेल्या फोल्डरमध्ये जातात. प्रमाण काचेची मोजणी तीन मांडण्यांत घेतली: मूळ, ईएमएम३८६ शिवायची आणि अंतिम. फरक उपकरणाच्या नेहमीच्या मर्यादेत राहिला. वाढवलेली ८ एमबीची पट्टी काढली तरी काही अडत नाही, ती सुटा भाग म्हणून बाजूला ठेवली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

रॅम विकत घेण्याआधी 'मेम /सी' चालवलं असतं तर तो खर्च टळला असता.

त्याहून मोठी गोष्ट बूट मेनूची. आकडे पुन्हा मांडून पाहा: छाटणी केलेली मांडणी, नेटवर्क नाही, ईएमएम३८६ नाही, माउस ३ केबीचा आणि तोही खाली. एमएसडॉस १६, हायमेम १, कार्डाचा ड्रायव्हर ९, कमांड ३, माउस ३. बेरीज तीच, ३२. मोकळे तेच, ६०८. म्हणजे डी००० चा धोका न पत्करता, तुकड्यांची जुळवाजुळव न करता, तेवढीच मेमरी मिळत होती. किंमत एवढीच की फायली दिवसाअखेर, मोजणी संपल्यावर, एकदा रीबूट करून पाठवायच्या. 'रीबूटला आधाररेषा जाते' ही हरकत खरी होती, पण फायली लगेच पाठवणं गरजेचं आहे का, हे कुणी विचारलं नाही. बहुतेक दिवशी तशी गरज नसते. मोजणीच्या वेळी नेटवर्कचे इंटरप्ट नसणं हाही फायदाच. ज्या संगणकातून आकडे बाहेर पडतात आणि त्या आकड्यांवर पुढचे निर्णय होतात, तिथे हा मार्ग आधी घ्यायला हवा आणि अपर मेमरीकडे तो अपुरा पडला तरच वळायला हवं.

आता कॉन्फिग.सिसमध्ये 'मेनूआयटम' च्या दोन ओळी आहेत. नेहमीची मांडणी नेटवर्कसह, आणि दुसरी ईएमएम३८६ शिवायची. प्रमाण काच आठवड्यातून एकदा दुसऱ्या मांडणीत लावून पाहिली जाते. 'एक्स=डी०००-डी१एफएफ' असलेल्या ओळीच्या वर 'रेम' ने सुरू होणारी टीप घातली आहे: हा पट्टा मोजणी कार्डाचा, जंपर बदलल्यास हाही बदला, काढू नका.